अठ्ठ्याऐंशी नंबरची जर्सी आणि दिल्ली डिफेंडर्स

ऑगस्ट 2011 मध्ये ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’ जाहीर झाली. अमेरिकन फुटबॉल भारतात व्यावसायिक पातळीवर रुजवण्याचा हा प्रयत्न होता. पाठीराख्यांत प्रशिक्षक माइक डिटका, क्वार्टरबॅक कर्ट वॉर्नर, भारतीय वडिलांचा मुलगा असलेला खेळाडू ब्रँडन चिलर आणि मायकेल इर्विन अशी नावं होती. राजधानीच्या संघाचं नाव ठरलं दिल्ली डिफेंडर्स.

यांपैकी इर्विन रिसीव्हर. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गराड्यात झेलायचा आणि पुढे पळायचं, हे त्याचं काम. 1966 साली फ्लोरिडात जन्म, 17 भावंडांत पंधरावा. 1988 साली अमेरिकेतल्या डॅलस काउबॉइज संघाने त्याला निवडलं. 88 नंबरच्या जर्सीत त्याने 750 झेल घेतले आणि 11,904 यार्ड मिळवले, म्हणजे जवळजवळ 11 किलोमीटर. त्याच्या काळात संघाने तीन सुपर बोल, म्हणजे अमेरिकी लीगचे अंतिम सामने, जिंकले.

त्याच्या कारकिर्दीचा तक्ता ओळीने वाचला की माणूस दिसू लागतो. 1995 च्या ओळीत 111 झेल आणि 1,603 यार्ड आहेत. लगेच खाली 1996 मध्ये 16 ऐवजी 11 सामनेच. उरलेले पाच अमली पदार्थांच्या प्रकरणातल्या निलंबनात गेले. 1999 च्या ओळीत तर फक्त चार सामने आणि 10 झेल. त्या वर्षी 10 ऑक्टोबरला फिलाडेल्फियात एक आखूड पास झेलताच त्याला पाडण्यात आलं. डोकं मैदानावर आपटलं, मानेच्या मज्जारज्जूला इजा झाली. तो निपचित पडलेला असताना प्रेक्षकांतले काही जण जल्लोष करत होते. तपासणीत त्याच्या मणक्यातली पोकळीच अरुंद असल्याचं आढळलं आणि खेळ कायमचा सुटला. 2007 साली अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला.

आता दिल्लीकडे येऊ. लीगचा पहिला हंगाम 2012 मध्ये खेळला गेला. सामने आधी चित्रित झाले, नंतर दूरचित्रवाणीवर दिसले. अंतिम सामन्यात पुणे मराठाज संघाने दिल्ली डिफेंडर्सना 6-0 असं हरवलं. या खेळात चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊनचे सहा गुण आणि लाथेने गोलखांबांमधून मारला की फील्ड गोलचे तीन. म्हणजे निकालातले सहा गुण एका टचडाऊनचे असू शकतात, तसेच दोन फील्ड गोलचेही. नुसत्या निकालावरून कोण पळालं आणि कोणी झेललं ते सांगता येत नाही. इर्विनचा मात्र एकेक झेल तारखेसह सापडतो. ही तफावत मला फार खटकते, कारण दिल्ली-पुण्याच्या या खेळाडूंनी देशात कुणाला नीट ठाऊक नसलेला खेळ अंगावर घेतला होता.

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा पुण्यात कुणाकडे त्या हंगामाची जर्सी, स्कोअरशीट किंवा फोटो असेल, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे खेळाडूचं नाव आणि तारीख आजच लिहून ठेवा.