सशाची पेंड आणि चोथ्याचा धडा

ससेपालनाविषयी मला पत्रे येतात, फोन येतात. त्यांत एक प्रश्न हमखास असतो. 'मांसासाठी ससे पाळले आहेत. बाजारात दोन-तीन प्रकारच्या गोळ्या मिळतात. त्यांतल्या कुठल्या घ्याव्यात?' मी एखाद्या कंपनीचे नाव सांगावे, अशी विचारणाऱ्याची अपेक्षा असते. पण दुकानात उभ्याउभ्या दोन मिनिटांत आपण जी गोळी निवडतो, ती आजच्या रूपात यायला पाऊणशेहून अधिक वर्षे लागली आहेत. त्या वाटेवर असंख्य पिल्ले पिंजऱ्यात मेली. या प्रश्नाचे उत्तर त्या इतिहासातच आहे, म्हणून आज तोच थोडक्यात सांगतो.

सुरुवात सशाच्या पोटापासून करू. ससा गवत खातो, पण गाईसारखा रवंथ करीत नाही. त्याचे काम चालते ते अंधनालात, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या पिशवीत. पोटातला जवळपास चाळीस टक्के ऐवज या एका पिशवीत असतो आणि तिथले जंतू तो आंबवतात. पुढच्या आतड्यात एक चाळणीच आहे म्हणा ना! जाडसर चोथा पुढे ढकलला जातो आणि कोरड्या लेंड्यांच्या रूपाने बाहेर पडतो. बारीक कण आणि पाणी मात्र मागे फिरून अंधनालात जातात. तिथे तयार झालेल्या मऊ लेंड्या ससा स्वतःच, त्या बाहेर येताक्षणी खातो. त्यांतून त्याला प्रथिने आणि ब जीवनसत्त्वे मिळतात. मोरो या फ्रेंच पशुवैद्याने १८८२ साली याचे वर्णन केले. पुढची सगळी गोष्ट या चाळणीभोवती फिरते, म्हणून ती लक्षात ठेवा.

युरोपात शेकडो वर्षे ससा हा गरिबाघरचा प्राणी होता. परसात लाकडी खुराडे असायचे. कोबीची पाने, बांधावरचे गवत, बटाट्याच्या साली, हिवाळ्यात वाळलेला चारा आणि असलाच तर मूठभर कोंडा, एवढा त्याचा आहार. वाढ सावकाश व्हायची, पण चोथा भरपूर मिळायचा. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमध्ये मांसावर शिधावाटप आले. सशाचे मांस मात्र त्या मापाबाहेर राहिले. घरोघरी ससे पाळायला प्रोत्साहन मिळाले आणि नोंदलेल्या ससा-मंडळांच्या सभासदांना सरकार थोडा कोंडा देई. बाकीची भूक परसातल्या पाल्यावर भागवायची, असा सगळा हिशेब होता.

अमेरिकेत चित्र निराळे होते. दक्षिण कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसच्या आसपास, १९२० च्या दशकात ससेपालनाला धंद्याचे रूप आले. मांसासाठी जगभर पाळला जाणारा 'न्यूझीलंड व्हाइट' नाव न्यूझीलंडचे लावत असला, तरी त्याची पैदास कॅलिफोर्नियातली आहे. याच भागात फोंटाना गावी १९२८ साली अमेरिकी कृषी खात्याने फक्त सशांसाठी एक प्रयोगकेंद्र काढले. जॉर्ज टेम्पल्टन हे तिथले नावाजलेले संशोधक. पिंजरे, पैदास, रोग यांबरोबर खाद्याचेही पद्धतशीर प्रयोग तिथे झाले. हे केंद्र १९६५ पर्यंत चालले.

सुरुवातीला तिथेही सातू, ओट यांसारखे धान्य, पेंडीचे तुकडे आणि लसूणघासाचा वाळला चारा हेच खाद्य होते. ससा मोठा निवडखोर! आवडीचे दाणे वेचून खातो आणि उरलेले पायाने उकरून पिंजऱ्याखाली पाडतो. सगळे दळून पीठ करून द्यावे, तर पिठाची धूळ नाकात जाऊन तो शिंकत बसतो. यावर तोडगा निघाला तो गोळीचा. आपल्या घरातला शेवेचा सोऱ्या डोळ्यांपुढे आणा. दळलेले खाद्य वाफेने ओलसर करायचे, चिकटपणासाठी त्यात थोडी मळी घालायची आणि पोलादी छिद्रांतून दाबून काढायचे. बाहेर पडणाऱ्या कांड्या पात्याने कापून गार केल्या, की झाली गोळी! कोंबड्या आणि गुरांसाठी हे यंत्र आधीच वापरात होते, त्याचा लाभ सशालाही झाला. आता प्रत्येक घासात सगळे घटक सारखेच येऊ लागले आणि वेचून खाण्याची सोय संपली.

१९६० च्या दशकातल्या अमेरिकी सरकारी मार्गदर्शनात दोन प्रकारच्या गोळ्या सांगितलेल्या आहेत. एक नुसत्या धान्याची, जिच्याबरोबर वाळला चारा द्यावाच लागतो. दुसरी 'संपूर्ण' गोळी, जिच्यात लसूणघास दळून मिसळलेला असतो. गोळीचे मापही दिले आहे. आपल्या लोहाराच्या भाषेत सांगायचे तर जाडी एक ते दीड सूत आणि लांबी एक ते दोन सूत. याहून मोठी गोळी असली, तर लहान पिल्लू अर्धी चावते आणि अर्धी जाळीतून खाली पडते. तंतूंचे प्रमाणही दिले होते. रिकाम्या माद्या आणि नर यांच्यासाठी २० ते २७ टक्के, तर गाभण व पिलावळीच्या माद्यांसाठी १४ ते २० टक्के.

पुढे धंद्याची घाई वाढली. ससा लवकर वजनावर यावा, किलोमागे कमी खाद्य लागावे, असे प्रत्येकाला वाटू लागले. चोथ्याने वजन वाढत नाही, धान्याने वाढते. मग गोळीतले धान्य वाढले आणि चोथा घटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९७७ साली सशांच्या पोषणाची मानके प्रसिद्ध केली. त्यांत वाढत्या सशासाठी १६ टक्के प्रथिने आणि तंतू फक्त १० ते १२ टक्के होते. कागदावर हे उत्तम दिसत होते.

पिंजऱ्यात मात्र हगवणीने थैमान घातले होते. दूध तुटल्यावर, साधारण पाचव्या ते आठव्या आठवड्यात, तुकतुकीत दिसणारी पिल्ले अचानक खाणे सोडत, पोट फुगे आणि एक-दोन दिवसांत मरत. ओरेगॉन राज्य विद्यापीठातल्या ससा संशोधन केंद्रातले चीके आणि पॅटन यांनी १९८० साली याचा उलगडा मांडला. धान्यातले पिष्ट लहान पिल्लाला पूर्ण पचत नाही. न पचलेले पिष्ट अंधनालात उतरते, तिथे अपायकारक जंतूंना मेजवानी मिळते आणि त्यांचे विष पिल्लाला मारते. त्यात चोथा कमी असला, किंवा फार बारीक दळलेला असला, तर आतड्याची हालचाल मंदावते आणि ऐवज अंधनालात साचून राहतो. मघाशी सांगितलेली चाळणी आठवा. गोळीच्या यंत्रासाठी पीठ जितके बारीक करावे, तितका चोथा या चाळणीतून मागे जातो. पोत्यावर तंतूचा आकडा छापलेला असतो, पण आतड्याला हलवणारा जाडसर तंतू त्यात नसतो! यावर लसूणघासाचे प्रमाण वाढवणे हाच इलाज ठरला.

दुसरा धडा फ्रान्सने घेतला. १९९६-९७ च्या हिवाळ्यात तिथल्या ससाशाळांत पोटाचा एक नवा साथीचा रोग आला आणि हा हा म्हणता युरोपभर पसरला. त्याचा नेमका जंतू वर्षानुवर्षे हाती लागला नाही. प्रतिजैविकांवर भिस्त वाढली. पण वाढीसाठी पशुखाद्यात प्रतिजैविके घालण्यावर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून पूर्ण बंदी आणली. शास्त्रज्ञांना पुन्हा खाद्याकडेच वळावे लागले. तूलूझच्या संशोधन केंद्रात थियेरी जिदेन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की तंतू किती याबरोबर तो कोणता, हेही पाहावे लागते. लाकडासारखा कडक तंतू आतडे हलते ठेवतो. स्पेनमधल्या प्रयोगांत साखर-बीटच्या चोथ्यासारख्या विरघळणाऱ्या तंतूनेही मर कमी झाली. दूध तुटल्यावर काही आठवडे भरपेट खाद्य न देता थोडे हात राखून द्यावे, ही फ्रान्समधली पद्धतही याच काळात रुजली.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या देशात राजस्थानातले अविकानगर, हिमाचलातले गडसा आणि तामिळनाडूतले मन्नवनूर या केंद्रांत सशांवर काम झाले आहे. पण गावोगावच्या दुकानांत सशाची म्हणून गोळी मिळतेच असे नाही. मग दुकानदार सहज सांगतो, 'कोंबडीची घ्या' किंवा 'गुरांची गोळी पेंड चालेल.' हा सल्ला मानू नये. ब्रॉयलर कोंबड्यांच्या खाद्यात कॉक्सी रोगाविरुद्ध सॅलिनोमायसीन किंवा नॅरासीन यांसारखी औषधे असू शकतात. कोंबडीला ती तारतात, सशाला मारतात. गुरांच्या काही पेंडींत युरिया असतो. गाईच्या पोटातले जंतू त्याचे प्रथिन करतात. सशाला त्याचा फारसा उपयोग नाही आणि जास्त झाला तर तो विषच!

तिसरा धोका बुरशीचा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. शोध घेतला तेव्हा दोष निघाला ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष जगाला कळले. या विषाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या प्राण्यांत ससा मोडतो. आपल्याकडे भुईमुगाची पेंड सर्रास वापरतात आणि पावसाळ्यात पोती दमट होतात, हे विसरून चालणार नाही.

तर मूळ प्रश्नाकडे येतो. पोते घेताना आपण सगळे आधी प्रथिनांचा आकडा पाहतो. प्रथिने जास्त म्हणजे माल भारी, अशी आपली समजूत असते. मी म्हणेन, आधी 'क्रूड फायबर' हा आकडा पाहा. वाढत्या पिल्लांसाठी तो १४ टक्क्यांच्या खाली नसावा, थोडा वरच असावा. प्रथिने सोळाच्या आसपास पुरेत. गोळी चुरून पाहा, नुसते पीठ हाती लागते की तंतूही दिसतात? कुबट वास आला तर स्वस्त मिळाली तरी परत करा. घटकांत कोंबडीच्या औषधाचे नाव असेल तर हात लावू नका. खाद्य बदलायचे तर आठवडाभर जुन्यात नवे मिसळत बदला. गोळी कितीही चांगली असली, तरी पिंजऱ्याला वाळल्या गवताची पेंढी अडकवलेली असू द्या. लसूणघास वाळवून ठेवला तर उत्तमच.

ज्याने कर्ज काढून वीस माद्या आणल्या आहेत, त्याचा नफा दूध तुटल्यानंतरच्या या तीन-चार आठवड्यांत ठरतो. चार दिवस उशिरा वजनावर आलेला ससा विकता येतो, मेलेला विकता येत नाही. परसातल्या खुराड्यात पाल्यावर वाढणाऱ्या सशाला जो चोथा फुकट मिळत होता, तो यंत्राने काढून घेतला आणि शास्त्राने पुन्हा गोळीत घातला. आपण पैसे मोजतो ते त्या चोथ्यासाठीही, एवढे दुकानात उभे असताना आठवले तरी पुरे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)