आपोआप बंद पडणारा संगणक : दोष शोधावा कोठे?

बेळ्ळंदूर (बेंगळुरू) : पडदा एकाएकी काळा होतो, पंख्याचा आवाज थांबतो आणि अर्ध्यावर असलेले काम नाहीसे होते. घरातील संगणक असा वारंवार बंद पडू लागला, की बहुतेक जण प्रथम 'व्हायरस'वर संशय घेतात आणि विंडोज नव्याने भरून घेतात. तक्रार मात्र बहुधा कायम राहते, कारण असा दोष बऱ्याचदा आज्ञावलीत नसून विजेत, उष्णतेत किंवा धातूत असतो. बेंगळुरूच्या आग्नेय भागातील बेळ्ळंदूर हा या तिन्ही शक्यता एकत्र आढळणारा परिसर आहे. आउटर रिंग रोडलगत माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले व त्यांतील कर्मचाऱ्यांची उंच गृहसंकुले येथे शेजारी-शेजारी उभी आहेत. मार्च २०२० च्या टाळेबंदीपासून या घरांतील संगणक कार्यालयाचेही काम करू लागला. त्यामुळे तो बंद पडणे ही आता केवळ गैरसोय राहिलेली नाही. त्यावर दिवसाचे काम आणि पर्यायाने रोजगार अवलंबून असतो.

संगणक विजेअभावी बंद पडला की त्याने स्वतःहून काम थांबवले, याचा निर्णय प्रथम करावा लागतो. विंडोज प्रणालीतील 'इव्हेंट व्ह्यूअर' ही नोंदवही त्यासाठी उपयोगी पडते. तेथे १०७४ क्रमांकाची नोंद असेल, तर संगणक रीतसर बंद झाला आहे. कोणत्या आज्ञावलीने वा वापरकर्त्याने तो बंद केला, हेही त्या नोंदीत दिसते. रात्रीच्या अद्ययावतीकरणानंतर संगणक 'आपोआप' पुन्हा सुरू झाल्याच्या तक्रारी येथेच निकालात निघतात. ६००८ आणि 'कर्नल-पॉवर ४१' या नोंदींचा अर्थ एवढाच, की मागील वेळी संगणक नीट बंद झाला नव्हता. ४१ ही नोंद पाहून अनेक जण थेट वीजपुरवठ्याचे उपकरण बदलतात, ही घाई होय. त्या नोंदीच्या तपशिलात 'बगचेक कोड' शून्याखेरीज काही असेल, तर प्रणालीच कोसळली, म्हणजे 'निळा पडदा' आला, असे समजावे. मग रॅम, ड्रायव्हर किंवा साठवणुकीची डिस्क तपासणे इष्ट. हा कोड शून्य असेल आणि पॉवर बटण दाबल्याची वेळही शून्यच असेल, तर संशय वीज, उष्णता व मदरबोर्ड यांच्यावर येतो. निळा पडदा अनेकांना दिसतच नाही, कारण चूक होताच संगणक पुन्हा सुरू करण्याची सोय विंडोजमध्ये मुळातच चालू असते. ती बंद केल्यास पडद्यावरील कोड वाचता येतो.

व्हायरसचा संशय अगदीच निराधार नाही. ऑगस्ट २००३ मध्ये पसरलेल्या 'ब्लास्टर' या कृमीने बाधित झालेल्या विंडोज संगणकांवर ६० सेकंदांची उलटगणती दिसे आणि संगणक पुन्हा सुरू होई. पण तेथेही सूचना मिळत असे. कोणतीही सूचना न देता क्षणात वीज गेल्यासारखा बंद पडणारा संगणक हा वेगळा प्रकार आहे.

वीज गेल्याचे ते मिलिसेकंद

घरगुती वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते, म्हणजे तिचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे. डेस्कटॉप संगणकातील एसएमपीएस हे उपकरण या विजेचे १२, ५ व ३.३ व्होल्टच्या एकदिश विजेत रूपांतर करते. त्यातील धारित्रांत साठलेल्या ऊर्जेवर संगणक पूर्ण भाराखाली सुमारे १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. वीज त्याहून अधिक काळ खंडित झाली, तर तो बंद पडणारच. दिवे किंचितसे लुकलुकतात, दूरचित्रवाणी संच चालू राहतो आणि संगणक तेवढा बंद होतो, याचे कोडे अनेकांना पडते. त्याचे उत्तर या आकड्यात आहे.

बेळ्ळंदूरच्या गृहसंकुलांत बेस्कॉमचा पुरवठा खंडित झाल्यास डिझेल जनित्र सुरू होते. जाहिरातीत याला 'शंभर टक्के बॅकअप' म्हटले जाते. प्रत्यक्षात जनित्र सुरू होऊन भार त्याच्याकडे वळेपर्यंत काही सेकंद जातात आणि पुन्हा बेस्कॉमकडे वळताना दुसरा खंड पडतो. लॅपटॉपला बॅटरी असल्याने हे जाणवत नाही. डेस्कटॉप दोन्ही वेळा बंद पडू शकतो. शिवाय अनेक संकुलांत जनित्रावर प्रत्येक सदनिकेस ठरावीक भारच मिळतो. त्या वेळी इस्त्री वा गीझर लावला, तर सदनिकेचा पुरवठा तुटतो आणि दोष संगणकाच्या माथी येतो.

स्वतंत्र घरांत इनव्हर्टर असतो. महाराष्ट्रातील वाचकांनाही हा भाग लागू पडेल. बहुतेक घरगुती इनव्हर्टरांवर 'यूपीएस' व 'नॉर्मल' असे दोन पर्याय देणारी कळ असते. नॉर्मल स्थितीत विजेवरून बॅटरीवर येण्यास लागणारा वेळ पंखे-दिव्यांना चालतो, संगणकाला चालेलच असे नाही. कळ यूपीएस स्थितीत आणताच वर्षभराची तक्रार मिटल्याची उदाहरणे दुरुस्ती करणाऱ्यांना नवी नाहीत. चौकोनी लहर देणारे स्वस्त इनव्हर्टर काही आधुनिक एसएमपीएसना मानवत नाहीत. तेथे ज्या (साइन) लहरीचे उपकरण घेणे भाग पडते.

यूपीएस असूनही संगणक बंद पडत असेल, तर यूपीएसचीच परीक्षा घ्यावी. सर्व काम जतन करून यूपीएसची भिंतीतील कळ बंद करावी. संगणक तत्क्षणी बंद पडला, तर बॅटरी संपली आहे. आतील १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची शिसे-आम्ल बॅटरी आपल्याकडील हवामानात साधारणतः दोन-तीन वर्षे साथ देते. त्यानंतर हिरवा दिवा लागतो, भरवसा मात्र राहत नाही. ६०० व्हीए असे लिहिलेले यूपीएस बहुधा ३६० वॉटच्या आसपासच भार पेलते. लेझर प्रिंटर त्यावर लावणे ही तर सर्रास होणारी चूक आहे.

वीज ठीक असेल, तर पाळी एसएमपीएसची. खेळ सुरू करताच किंवा चित्रफितीचे संपादन करताना संगणक बंद पडणे आणि एरवी तासन्‌तास चालणे, हे कमकुवत एसएमपीएसचे ओळखीचे लक्षण. ग्राफिक्स कार्ड क्षणार्धात सरासरीहून बरीच अधिक वीज ओढते आणि उपकरणातील संरक्षक यंत्रणा पुरवठा तोडते. १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ व्होल्टच्या मर्यादेत असावी लागते. तथापि मोजमापापेक्षा सुस्थितीतील दुसरा एसएमपीएस तात्पुरता लावून पाहणे हीच खात्रीची चाचणी. एसएमपीएसची पेटी मात्र घरी कदापि उघडू नये. आतील मोठ्या धारित्रात ३०० व्होल्टहून अधिक दाबाची वीज प्लग काढल्यानंतरही काही काळ टिकून राहू शकते.

एक क्षुल्लक दोष अनेकदा नजरेतून सुटतो. संगणक सुरू करताच चार-पाच सेकंदांत बंद होत असेल, तर कॅबिनेटवरील पॉवर बटण आत अडकलेले असू शकते. ते सतत दाबलेले राहिल्यास संगणक सक्तीने बंद होतो. बटणाची तार मदरबोर्डवरून काढून पाहिली की उलगडा होतो.

उष्णतेचा दोष ओळखणे तुलनेने सोपे. बहुतेक आधुनिक प्रोसेसरांची तापमानमर्यादा ९५ ते १०५ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. तिच्या जवळ जाताच प्रोसेसर आधी आपली गती कमी करतो आणि तरीही तापमान वाढत राहिले, तरच पुरवठा तोडतो. म्हणून संगणक मंदावून बंद पडत असेल, तर धूळ, वाळलेले थर्मल पेस्ट व थकलेला पंखा तपासावा. भाड्याचे घर बदलल्यानंतर तक्रार सुरू झाली असेल, तर टेम्पोतील धक्क्यांनी प्रोसेसरवरील कूलरच्या खुंट्या सैल झाल्या आहेत का, ते पाहावे. बेंगळुरूच्या सौम्य हवेवर विसंबणेही योग्य नाही, कारण एप्रिल २०१६ मध्ये शहराचे तापमान ३९.२ अंशांपर्यंत गेले होते.

तलावाची हवा आणि तांबे

बेळ्ळंदूरचे नाव देशभर पोहोचले ते संगणकांमुळे नव्हे, तर तलावामुळे. सुमारे ९०० एकरांच्या या तलावात अनेक दशके सांडपाणी येत राहिले. त्यावरील फेसाने २०१५ मध्ये पेट घेतला, फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा आग लागली आणि जानेवारी २०१८ मधील आग विझवण्यास लष्कराच्या जवानांना उतरावे लागले. राष्ट्रीय हरित लवादाने या प्रकरणी राज्य शासनाला दंडही केला. वातानुकूलन यंत्रांच्या तांब्याच्या नळ्या आणि घरातील विद्युत उपकरणे अकाली निकामी होतात, अशा तक्रारी काठावरील रहिवासी त्या काळात करीत होते.

त्यामागील रसायन सुपरिचित आहे. प्राणवायूविना कुजणाऱ्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड हा वायू बाहेर पडतो. तो चांदी व तांबे यांना काळे करतो. युरोपीय संघाने जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यानंतर मुद्रित मंडलांवर शिसेयुक्त मुलाम्याऐवजी चांदीच्या पातळ मुलाम्याचाही वापर वाढला. गंधकयुक्त हवेत या मुलाम्याच्या छिद्रांतून तांब्याचे सल्फाइड बाहेर येते, पृष्ठभागावर सरकत जाते आणि शेजारच्या वाहिन्या एकमेकींना जोडते. दमट हवेत हा प्रकार अधिक वेगाने होतो. संगणक-केंद्रांसाठीच्या औद्योगिक मार्गदर्शक निकषांनुसार तांब्याच्या पट्टीवरील गंज महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमपेक्षा व चांदीवरील २०० अँगस्ट्रॉमपेक्षा कमी असावा. एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोट्यंश. घरात असे मोजमाप कोणी करीत नाही, पण देवघरातील चांदीची भांडी घासूनही आठवडाभरात काळवंडत असतील, तर संगणकाच्या आतही तेच घडत असल्याचा संशय घेण्यास जागा आहे.

अशा गंजाचा दोष लहरी असतो. पावसाळी सकाळी संगणक बंद पडतो, दुपारी हवा कोरडी झाली की सुरळीत चालतो आणि दुरुस्तीच्या दुकानात तर हटकून चालतो. रॅमच्या पट्ट्यांची टोके खोडरबराने घासण्याचा उपाय सर्वत्र प्रचलित आहे आणि तो तात्पुरता लागूही पडतो. मात्र वारंवार घासल्याने सोन्याचा पातळ मुलामा झिजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे अधिक सुरक्षित. मदरबोर्डवर हिरवट-काळे डाग पसरलेले दिसले, तर दुरुस्तीवर खर्च करण्यात फारसे हशील नाही. अर्थात, काठावरील प्रत्येक नादुरुस्त संगणकाचे खापर तलावावर फोडणेही चूक ठरेल. यूपीएसची मेलेली बॅटरी आणि पंख्यातील धूळ यांची तपासणी आधी, गंजाची नंतर, हाच क्रम स्वस्त पडतो.

सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत आउटर रिंग रोडचा हा पट्टा पाण्याखाली गेला. पाणी लागलेला संगणक 'चालतो का' हे पाहण्यासाठी सुरू करणे सर्वांत घातक. प्लग काढून, डिस्क वेगळी करून ती जाणकाराकडे द्यावी.

वारंवार अचानक बंद पडण्याने खरी हानी डिस्कवरील माहितीची होते. लिहिणे अर्धवट राहिलेल्या फाइली बिघडतात. म्हणून दोष सापडण्याची वाट न पाहता पहिल्याच दिवशी माहितीची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. संगणक तेवढा वेळही टिकत नसेल, तर त्यातील डिस्क काढून यूएसबी पेटीत घालता येते व दुसऱ्या संगणकावर वाचता येते. अशी पेटी बेंगळुरूच्या एस. पी. रोडवर, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळते. डिस्क कूटबद्ध केलेली असल्यास तिची पुनर्प्राप्ती-कळ हाताशी असणे आवश्यक आहे आणि संगणक कंपनीचा असल्यास तो उघडण्यापूर्वी कार्यालयाची लेखी अनुमती.