दुर्बिणीद्वारे पित्ताशय-उच्छेदन

दुर्बिणीद्वारे पित्ताशय-उच्छेदन ही पोटावर साधारणतः चार लहान छिद्रे पाडून, कॅमेरा जोडलेल्या दुर्बिणीच्या साहाय्याने पित्ताशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया आहे. पित्ताशयातील खड्यांमुळे वारंवार वेदना किंवा दाह होत असल्यास ती केली जाते. त्रास न देणाऱ्या खड्यांसाठी सहसा तिची गरज नसते.

इतिहास

पोट उघडून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ साली बर्लिन येथे केली. दुर्बिणीद्वारे ती प्रथम एरिख म्यूहे यांनी १९८५ मध्ये जर्मनीतील ब्योब्लिंगेन येथे केली. तेथील शल्यविशारदांनी मात्र प्रारंभी तिची उपेक्षाच केली. भारतात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली तिचा आरंभ केला.

परिणाम

बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी जातात. मोठ्या छेदाच्या तुलनेत वेदना, जखमेतील जंतुसंसर्ग आणि पुढे उद्भवणारा हर्निया यांचे प्रमाण कमी असते. मात्र याचे सारे श्रेय दुर्बिणीचे नव्हे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे २०० रुग्णांवर झालेल्या व १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दुर्बिणीची तुलना लहान छेदाच्या खुल्या शस्त्रक्रियेशी करण्यात आली. कोणती शस्त्रक्रिया झाली हे रुग्णांना व परिचारिकांना कळू नये म्हणून सर्वांच्या पोटावर सारखीच मलमपट्टी केली होती. रुग्णालयातील मुक्कामात लक्षणीय फरक आढळला नाही. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला वेळ मात्र अधिक लागला.

सर्वांत गंभीर धोका मुख्य पित्तनलिकेच्या इजेचा. दाहामुळे अवयव एकमेकांना चिकटले असता तीच पित्ताशयाची नलिका समजून कापली जाऊ शकते. खुल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण हजारी एक-दोन होते. दुर्बिणीच्या आरंभकाळात ते हजारी पाचच्या आसपास गेले. अशा इजेनंतर अनेकदा आतड्याला पित्तमार्ग जोडण्याची मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. म्हणून पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा करून, त्यात केवळ एक नलिका व एक धमनी शिरताना स्पष्ट दिसेपर्यंत काहीही कापू नये, असा दंडक स्टीव्हन स्ट्रासबर्ग व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडला. तसे दिसत नसेल, तर पोट उघडणे किंवा पित्ताशयाचा काही भाग मागे ठेवणे श्रेयस्कर ठरते. रुग्णाचे नातेवाईक याला अपयश समजतात. वस्तुतः तो सावधगिरीचा निर्णय असतो.

पित्त यकृतात तयार होत असल्याने पित्ताशयाविनाही पचन चालू राहते. काहींना पातळ शौचाचा त्रास होतो. वेदना कायम राहिल्यास पित्तनलिकेत खडा राहिला आहे काय, किंवा मूळ दुखणे जठराचे होते काय, हे तपासावे लागते.