चरबी काढल्यानंतरचे दिवस : एका शुश्रूषेचा इतिहास

शरीराच्या एखाद्या भागातील चरबी पोकळ नळीने ओढून काढण्याच्या शस्त्रक्रियेला लायपोसक्शन म्हणतात आणि तीच चरबी स्वच्छ करून त्याच व्यक्तीच्या शरीरात दुसरीकडे भरली, तर त्या क्रियेला मेदरोपण असे म्हटले जाते. या दोन्ही शस्त्रक्रियांचा इतिहास सहसा उपकरणांचा आणि ती घडवणाऱ्या शल्यविशारदांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु या शाखेला वळण देणारे बहुतेक प्रश्न रुग्णाला टेबलावरून उतरवल्यानंतरच उभे राहिले, आणि कोणते तंत्र टिकले व कोणते मागे पडले, याचा निर्णयही रुग्णाच्या पुढच्या दिवसांनीच दिला.

पॅरिसमधील शल्यविशारद शार्ल द्युजारिए यांनी १९२०च्या दशकात एका तरुणीच्या पायाची जाडी कमी करण्यासाठी चरबी काढली, तेव्हा पायात गँगरीन होऊन तो कापावा लागला. प्रकरण न्यायालयात गेले आणि केवळ सौंदर्यासाठी निरोगी अवयवावर शस्त्र चालवावे काय, या प्रश्नाची फ्रान्समध्ये मोठी चर्चा झाली. त्यानंतर कित्येक दशके या वाटेला फारसे कोणी गेले नाही. १९६०च्या दशकात जर्मनीतील योसेफ श्रुडे यांनी गर्भाशय खरवडण्याच्या धारदार क्युरेटने लहान छेदातून चरबी खरवडण्याचे तंत्र पुन्हा हाती घेतले. मात्र धारदार पात्याने चरबीबरोबर रक्तवाहिन्या आणि लसीकावाहिन्याही तुटत, त्वचेखाली एकसंध पोकळी उरे आणि तिच्यात रक्त किंवा पाण्यासारखा पिवळसर द्रव साचे. हा द्रव सुईने पुन्हापुन्हा काढावा लागे, आणि त्यामुळे शस्त्रक्रियेपेक्षा तिच्यानंतरचे आजारपणच मोठे ठरे.

या अडचणीतून सुटका झाली ती बोथट नळीमुळे. इटलीत ज्योर्ज्यो व अर्पाद फिशर या पितापुत्रांनी १९७०च्या दशकाच्या मध्यास शोषणयंत्राला जोडलेली नळी वापरली, आणि १९७७पासून पॅरिसमध्ये इव्ह-जेरार इलूझ यांनी टोकाशी बोथट असलेल्या नळीचा म्हणजे कॅन्युलाचा उपयोग सुरू केला. अशी नळी चरबीत समांतर बोगदे पाडत जाते. दोन बोगद्यांमधील पडदे, त्यांतील रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू बऱ्याच अंशी शाबूत राहतात आणि त्यामुळे वरच्या त्वचेचा रक्तपुरवठा तुटत नाही. वेदना कमी झाल्या, द्रव साचणेही घटले. रक्तस्राव मात्र मोठाच राहिला. काहीही द्रव न सोडता केलेल्या ‘कोरड्या’ पद्धतीत ओढून काढलेल्या ऐवजाचा पाचवा ते जवळजवळ निम्मा भाग रक्ताचा असे, आणि चरबी अधिक काढायची असल्यास रुग्णाचे स्वतःचेच रक्त आधी काढून ठेवून नंतर चढवावे लागे. अशा रुग्णाच्या अंगावर विस्तीर्ण काळेनिळे डाग पडत आणि पांडुरता व थकवा बराच काळ टिकत.

हे चित्र बदलले ते कॅलिफोर्नियातील त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांच्यामुळे. त्यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत बधिरता आणणारे लिडोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारे अॅड्रेनलीन हे अत्यंत विरळ करून, सलाईनमधून, चरबीचा थर फुगून टणक होईपर्यंत सोडले जाई. रक्तस्राव काढलेल्या ऐवजाच्या सुमारे एक टक्क्यावर आला आणि संपूर्ण भूल न देताही शस्त्रक्रिया करणे शक्य झाले. या सुधारणेने रुग्णाचे दिवस वाचवले, हे निर्विवाद आहे. पण तिने धोक्याची वेळही पुढे ढकलली, आणि ही गोष्ट समजायला काही काळ जावा लागला. त्वचेखाली सोडलेला द्रव पुढे कित्येक तास रक्तात शोषला जात असतो, म्हणून वरून शिरेवाटे सढळ हाताने सलाईन दिले, तर फुप्फुसात पाणी साचू शकते. लिडोकेनची रक्तातील पातळीही शस्त्रक्रियेनंतर साधारण बारा तासांनी सर्वोच्च होते. म्हणजे सकाळी शस्त्रक्रिया झालेला रुग्ण रात्री घरी असतो, तेव्हा. पहिली रात्र एकट्याने काढू नये आणि मोठ्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयातच मुक्काम करावा, हे नियम या ज्ञानातून आले.

त्या पहिल्या रात्रीचे दृश्य अनेक कुटुंबांना घाबरवून सोडते. लहान छेदांतून गुलाबीसर पाणी झिरपत राहते, शोषक पट्ट्या तासातासाला भिजतात, अंथरुणावर मेणकापड घालावे लागते. हे पाणी बहुतांशी आधी सोडलेले सलाईनच असते आणि ते बाहेर पडणे हिताचे असते. आरंभीच्या काळात छेद टाके घालून बंद करण्याची आणि रुग्णाला कित्येक आठवडे घट्ट आवळून ठेवण्याची रीत होती. क्लाइन यांनी छेद उघडे ठेवावेत, पाणी झिरपत असेतो जास्त दाब द्यावा आणि झिरपणे थांबल्यावर दाब हलका करावा, अशी दोन टप्प्यांची पद्धत मांडली. दाबवस्त्र अती आवळले, तर नीला आणि लसीकावाहिन्या दबतात, खालच्या अंगाला सूज चढते आणि वस्त्राच्या वळ्या पडतात तेथे कायमचे खोलगट पट्टे राहू शकतात. तरीही ‘जितके घट्ट तितके चांगले’ हा समज आजही रुग्णांत पक्का आहे, आणि तो खोडून काढण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे.

सूज उतरवण्यासाठी दिल्या जाणाऱ्या हलक्या मालिशाचे मूळ मात्र सौंदर्यशस्त्रक्रियेत नाही. एमिल व एस्ट्रिड वोडर या डॅनिश दांपत्याने १९३०च्या दशकात फ्रान्समध्ये जुनाट सर्दीच्या रुग्णांसाठी लसीकाप्रवाहाला वाट देणारे मर्दन विकसित केले होते आणि १९३६ साली ते पॅरिसमध्ये सादर केले. शस्त्रक्रियेच्याच दिवशी रुग्णाला चालवण्याचा आग्रह हाही सर्वसाधारण शल्यचिकित्सेतून आलेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास दीर्घ शय्याविश्रांतीचे तोटे ध्यानात आले आणि पायांतील नीलांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत, म्हणून रुग्णांना लवकर उठवले जाऊ लागले.

मेदरोपणाचा इतिहास याहून जुना आहे. जर्मनीतील गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ साली दंडातील चरबीचे बारीक तुकडे चेहऱ्यावरील खोलगट व्रण भरण्यासाठी वापरले आणि बदामापेक्षा मोठा तुकडा टिकत नाही, असे नोंदवले. दोनच वर्षांनी व्हिन्सेन्ट्स चेर्नी यांनी कमरेकडील चरबीची गाठ स्तनात बसवली. तुकडा लहान का असावा, याचे उत्तर पुढे मिळाले : नव्या जागी रक्तवाहिन्या पोहोचेपर्यंत पेशी केवळ भोवतालच्या द्रवातून झिरपणाऱ्या प्राणवायूवर तगून असतात आणि हा पुरवठा फार आतवर जात नाही. लिंडन पिअर यांनी १९५०च्या सुमारास दाखवून दिले, की वर्षभरात रोपलेल्या चरबीचे सुमारे निम्मे वजन नाहीसे होते. १९८७ साली अमेरिकेतील प्लॅस्टिक सर्जनांच्या संघटनेने स्तनातील मेदरोपणाला विरोध केला, कारण मृत चरबीत साठणारे कॅल्शियम कर्करोगाच्या तपासणीत दिशाभूल करील, अशी भीती होती. २००९ साली ही भूमिका सौम्य करण्यात आली. दरम्यान न्यूयॉर्कचे सिडनी कोलमन यांनी चरबी हळुवार काढून, अपकेंद्री यंत्रात फिरवून, अगदी सूक्ष्म थेंबांनी अनेक थरांत पेरण्याची शिस्त घालून दिली होती. जपानमधील कोतारो योशिमुरा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखवले, की कडेच्या पातळ थराखेरीज बहुतेक मेदपेशी पहिल्या काही दिवसांतच मरतात आणि पुढच्या सुमारे तीन महिन्यांत मूळपेशींपासून नव्या मेदपेशी तयार होतात. त्यामुळे पहिल्या महिन्यातील भरगच्च आकार पाहून हुरळून जाणे किंवा दुसऱ्या महिन्यात तो ओसरताना निराश होणे, दोन्ही अकालीच असते.

दोन्ही शस्त्रक्रिया एकाच वेळी झाल्यास शुश्रूषेचे नियम एकमेकांच्या उलट होतात. जेथून चरबी काढली तेथे दाब हवा. जेथे ती भरली तेथे दाब नको. नितंबांत मेदरोपण झालेल्या रुग्णाला पोटाभोवती दाबवस्त्र घालूनही सुमारे दोन आठवडे थेट बसता येत नाही, पालथे किंवा कुशीवर झोपावे लागते आणि बसणे टळत नसेल, तेव्हा मांड्यांखाली उशी घेऊन नितंब अधांतरी ठेवावे लागतात. याच शस्त्रक्रियेने या शाखेच्या इतिहासातील सर्वांत वेदनादायक प्रकरण घडवले. २०१८ साली अनेक देशांतील संघटनांच्या संयुक्त कृतिदलाने इशारा दिला, की सुमारे ३,००० शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू इतका हा धोका असू शकतो. मृतांच्या शवविच्छेदनात चरबी स्नायूंत आढळली होती. स्नायूंतील मोठ्या नीला फाटून ती हृदय व फुप्फुसांपर्यंत गेली होती. स्नायूत चरबी सोडू नये, हा नियम तेव्हापासून बंधनकारक मानला जातो. फ्लोरिडा राज्याने २०२२ साली एका शल्यविशारदाला दिवसाला अशा तीनच शस्त्रक्रियांची मर्यादा घातली आणि नळी कोठे आहे, हे अल्ट्रासाउंडने पाहणे सक्तीचे केले.

नियम कितीही झाले, तरी रुग्णाने आणि त्याच्या घरच्यांनी काही गोष्टी शस्त्रक्रियेपूर्वीच विचारून घ्याव्यात : पहिली रात्र कोठे काढायची, रात्री फोन कोण उचलणार, आणि श्वास लागला, छातीत दुखले किंवा एकच पोटरी सुजली, तर कोणत्या रुग्णालयात जायचे. ही उत्तरे स्पष्टपणे मिळत नसतील, तर तेथे शस्त्रक्रिया करून घेऊ नये.