मोहोर कुणी उमटवली?

जपून चढा, पायऱ्या निसरड्या आहेत. तुम्ही थेम्स नदीच्या काठी, वेस्टमिन्स्टरच्या घाटावर उतरलात. मागे नावाडी पुढच्या गिऱ्हाइकासाठी घसा फोडून ओरडतायत. दगडी कोळशाचा धूर एवढा, की तासाभरात तुमची कॉलर काळी पडेल. साल 1679, महिना मार्च. इथल्या कुणाला विचाराल तर तो 1678 सांगेल. यांचं नवं वर्ष लागतं 25 मार्चला, म्हणजे आपल्या पाडव्याच्या आगेमागे.

वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये शिरण्याआधी छपराकडे बघा. खांबावर खोचलेलं ते मुंडकं ऑलिव्हर क्रॉमवेलचं. राजाशी वैर धरलं की काय होतं, हे अठरा वर्षं लोकांना दिसतंय. सवयीने आता कुणी मानही वर करत नाही.

आत मात्र नुसती रेटारेटी. इथेच न्यायालयं भरतात आणि इथेच पुस्तकं, फिती, हातमोजे विकले जातात. ओल्या लोकरीचा वास, तंबाखूचा वास, आंघोळ न केलेल्या माणसांचा वास. दुकानासमोर घोळका दिसतोय ना? हातमोजे बघण्याचं निमित्त करा आणि कान द्या.

बोलणं चाललंय इंग्लंडचा खजिनदार डॅन्बी याच्याबद्दल. फ्रान्सच्या राजाकडे गुपचूप पैसे मागणारी त्याची पत्रं उघडी पडली आणि संसदेच्या कॉमन्स सभागृहाने त्याच्यावर महाभियोग आणला. गंमत अशी की पत्रावर इंग्लंडच्या राजाने स्वतःच्या हाताने लिहिलंय, हे माझ्या हुकमावरून. म्हणजे खटला चालला तर अडचणीत कोण येणार, हे शेंबड्या पोरालाही कळतं. म्हणून या राजाने, दुसऱ्या चार्ल्सने, डॅन्बीला आधीच माफी देऊन टाकली. (हो, हाच तो चार्ल्स. हुंड्यात मिळालेली मुंबई वर्षाला 10 पौंडांवर ईस्ट इंडिया कंपनीला देणारा.) परवा त्याने संसदेला बजावलं, की लागली तर दहा वेळा देईन.

पण घोळका तापलाय तो मोहोरेवरून. माफीच्या कागदाला राज्याची मोठी मोहोर लागते आणि ती असते लॉर्ड चान्सेलरच्या ताब्यात. कॉमन्सचे लोक त्याच्याकडे जाब विचारायला गेले, तर तो म्हणाला, मी नाही लावली! राजाने मोहोर पिशवीतून काढायला सांगितली आणि पिशवी वाहणाऱ्या माणसाकडून ती मेणावर दाबून घेतली. तेवढा वेळ मोहोर माझ्या ताब्यातच नव्हती, असं हा कायदेपंडित म्हणतो. चान्सेलरलाच ज्या कागदाला बोट लावायचं नाही, त्याची किंमत लोकांनी काय करायची?

चला, कॉफीहाउसमध्ये. एक पेनी टाका. कॉफी कडू, काजळीसारखी, जीभ पोळणारी. पण इथे लोक येतात ते बोलायला. याच राजाने तीन वर्षांपूर्वी ही दुकानं बंद करायचा हुकूम काढला होता आणि ओरड होताच मागे घेतला. शेजारचा गृहस्थ टेबलावर मूठ आपटतोय. दया दाखवायला त्याची ना नाही. पण निकाल लागण्याआधीच दया दाखवली तर झालं काय होतं, हे कळणार कसं? मला विचाराल तर त्या धुरकट खोलीतला सगळ्यात शहाणा माणूस तोच.

मे महिन्यात कॉमन्सने ती माफी बेकायदा ठरवली. राजाने संसद विसर्जित केली, खटला काही चालला नाही. पण माफी हातात असूनही डॅन्बी 1684 पर्यंत लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत बसला. पुढे 1701 च्या कायद्यात संसदेने लिहूनच टाकलं, की मोठ्या मोहोरेची माफी दाखवून महाभियोग अडवता येणार नाही. शिक्षा झाल्यानंतर माफी द्यायला राजा मोकळाच राहिला. अमेरिकेने 1787 मध्ये घटना लिहिली तेव्हा राष्ट्राध्यक्षाला माफीचा अधिकार दिला आणि त्यातून महाभियोगाची प्रकरणं वगळली.