शुहूर सनाचे रूपांतर

पेशवेकालीन कागदांत शुहूर सन अरबी संख्यावाचकांनी लिहिला जाई, तोही एककापासून आरंभ करून. ‘अर्बा सबैन मया व अलफ’ म्हणजे ४, ७०, १०० व १००० मिळून ११७४. हा सन मृगारंभी पालटतो. म्हणून इसवी सन काढताना जून ते डिसेंबरपर्यंत ५९९ व तदनंतर ६०० मिळवावे लागतात. नारायणराव पेशव्यांचा वध ३० ऑगस्ट १७७३ रोजी, म्हणजे याच सनात झाला. संगणकीय सूचीस ‘१७७३-०८-३०’ हे रूप सोयीचे खरे. परंतु ज्या पत्रावर केवळ सनच आहे, त्यास वर्षारंभाची तारीख चिकटविणे हा निव्वळ प्रमाद होय. १ जानेवारी १७७३ हा दिवस तर ११७३ मध्ये पडतो! अशा नोंदीत मूळ शब्द जसेच्या तसे ठेवून जून १७७३ ते जून १७७४ एवढी मर्यादाच द्यावी.