वयनिश्चितीचा पुरावा म्हणून दात : मानवी व्यापारातील पीडितांची ओळख आणि दंतवैद्यकाची भूमिका – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
मानवी व्यापाराच्या खटल्यात पीडित मुलगी सज्ञान की अज्ञान, हा कळीचा प्रश्न असतो. अनेकदा जन्मदाखला नसतो आणि मुलगी कुंटणखाना चालविणाऱ्यांनी पढविलेले वय सांगते. अशा वेळी शरीरच पुरावा ठरते. प्रस्तुत लेखात या पुराव्यातील दातांचे स्थान आणि दंतवैद्याची भूमिका यांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

गिरणीतील मुले आणि दातांची कसोटी :
ब्रिटनमध्ये १८३३ च्या कारखाना कायद्याने बहुतेक कापड गिरण्यांत ९ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली. तथापि वय वाढवून सांगण्याचे प्रकार सर्रास घडत. दंतवैद्य एडविन सॉन्डर्स यांनी हजाराहून अधिक मुलांचे दात तपासून, वय ठरविण्यास उंचीपेक्षा दात अधिक विश्वसनीय आहेत, असे १८३७ मध्ये प्रतिपादन केले. भारतात १८८१ च्या कायद्याने ७ व १८९१ च्या कायद्याने ९ वर्षांची किमान मर्यादा घातली. या वयात दुधाचे दात पडून कायमचे दात येत असल्याने वयाचा अंदाज बराच जुळतो.

अठरा वर्षांची सीमारेषा :
वेश्याव्यवसायासाठी अल्पवयीनांच्या खरेदी-विक्रीस शिक्षा ठरविणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७२ व ३७३ मधील वयोमर्यादा १९२४ मध्ये १६ वरून १८ वर्षे झाली. परंतु दुसरी कायमची दाढ साधारण १२ व्या वर्षी येते आणि अक्कलदाढ १७ ते २५ वर्षांच्या दरम्यान केव्हाही येते. म्हणजेच कायद्याला जेथे अचूकता हवी, तेथेच दातांची साक्ष कच्ची पडते.

मुंबईतील अनुभव :
१९८६ च्या दुरुस्तीने अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात सुटका झालेल्या व्यक्तीचे वय ठरविण्यासाठी नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तपासणी आवश्यक झाली. दंतवैद्याचा स्वतंत्र उल्लेख त्यात नाही. फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईतील कुंटणखान्यांतून चारशेहून अधिक मुली व स्त्रियांची सुटका झाली. त्यांत नेपाळी मुलींची संख्या मोठी होती. पुढे २००२ मध्ये ‘प्रेरणा विरुद्ध महाराष्ट्र शासन’ खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने, अशा व्यक्ती दंडाधिकाऱ्यांपुढे प्रथम हजर होतील तेव्हाच त्यांचे वय निश्चित करावे, असे स्पष्ट केले. क्ष-किरण तपासणीतही दोन वर्षांचा फरक संभवतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्येच नमूद केले होते. हा फरक क्षुल्लक नाही. अज्ञान मुलगी सज्ञान ठरल्यास बालकल्याण समितीचे संरक्षण गमावते. सज्ञान स्त्री अज्ञान ठरल्यास तिच्या इच्छेविरुद्ध बालगृहात अडकते. म्हणूनच २०१५ च्या बाल न्याय कायद्याने शाळेच्या व जन्माच्या दाखल्यांना प्राधान्य देऊन वैद्यकीय चाचणीस शेवटचे स्थान दिले.

समारोप :
दात वयाचा अंदाज देतात, निर्णय देत नाहीत, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय. म्हणून दंतवैद्याने अहवालात एक आकडा न देता वयोमर्यादेची कक्षा नोंदवावी. त्याची दुसरी भूमिका त्याहून व्यापक आहे. जबड्याचा जुना अस्थिभंग, उपचाराविना तुटलेले दात, रुग्णाऐवजी सोबत्यानेच दिलेली उत्तरे या खुणा खुर्चीवरील तपासणीत दिसू शकतात. त्या स्वतःहून गुन्हा सिद्ध करीत नाहीत. परंतु रुग्णाशी एकांतात बोलण्यास पुरेशा ठरतात. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे २०१२ च्या ‘पोक्सो’ कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे. दंतवैद्य त्यास अपवाद नाही.